वर्डल सोडवताना संधी वाया कुठे जातात: पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधण्याचा क्रम

वर्डल म्हणजे सहा प्रयत्नांत एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ. प्रत्येक प्रयत्नानंतर अक्षरांच्या चौकटींना हिरवा, पिवळा किंवा करडा रंग लागतो. वर्डलमध्ये हरल्यावर उत्तर उघड होतं, आणि बहुतेक वेळा तो शब्द आपल्याला आधीपासून माहीत असतो. म्हणजे शब्दसंग्रह कमी पडला नाही, संधी वाया गेल्या. त्या जाण्याची ठिकाणं ठरलेली आहेत: बाद झालेलं अक्षर पुन्हा वापरणं, पिवळं अक्षर त्याच चौकटीत परत टाकणं, दुहेरी अक्षराचा रंग चुकीचा वाचणं आणि शेवटची चार अक्षरं जुळली की पहिल्या अक्षरासाठी नशीब आजमावत बसणं. मराठी वाचकाची आणखी एक अडचण असते. आपण शब्द कानाने आठवतो आणि वर्डल तो स्पेलिंगने मागतं.

खाली जिथे 'अक्षर' म्हटलं आहे तिथे रोमन अक्षर समजा. स्पेलिंग सी-आर-ए-एन-ई असं तोडून दिलं आहे. माहीत नसलेल्या जागी □ ही खूण आहे.

## टप्पा १: कागद घ्या

फोनवर खेळत असलात तरी शेजारी कागद आणि पेन्सिल हवीच. पाच उभे रकाने आखा. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर पक्कं झालेलं अक्षर येईल. त्याच्याखाली, त्या जागी येऊ न शकणारी अक्षरं लिहायची. रकान्यांच्या बाजूला दोन ओळी ठेवा, एक 'आहेत'ची आणि एक 'बाद'ची.

स्क्रीनवरच्या कीबोर्डला रंग लागतातच, मग कागद कशाला? तो कीबोर्ड एखादं अक्षर पिवळं आहे एवढंच सांगतो. ते कोणत्या जागी नाही, हे पाहायला वरच्या ओळी पुन्हा वाचाव्या लागतात, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला नेमकं तेच राहून जातं.

हिरवा आणि पिवळा सहज वेगळे ओळखू येत नसतील तर सेटिंग्जमध्ये जाऊन हाय कॉन्ट्रास्ट चालू करा. मग नारिंगी आणि निळा असे रंग दिसतात.

## टप्पा २: रंग नीट वाचा

हिरवा म्हणजे अक्षर बरोबर, जागाही बरोबर. पिवळा म्हणजे अक्षर शब्दात आहे, पण या जागी नाही. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच कामाचा आहे. करड्याचा अर्थ बहुतेक लोक 'हे अक्षर शब्दात नाही' असा घेतात. त्याच शब्दात ते अक्षर दुसऱ्यांदा आलेलं नसेल तरच हा अर्थ बरोबर असतो.

समजा उत्तर लेमन आहे, एल-ई-एम-ओ-एन. तुम्ही लेव्हल लिहिलात, एल-ई-व्ही-ई-एल. पहिला एल हिरवा, पहिला ई हिरवा, आणि व्ही, दुसरा ई, दुसरा एल हे तिन्ही करडे. इथे ई बाद झालेला नाही. उत्तरात ई एकच आहे, इतकंच हा करडा रंग सांगतो. वर्डल आधी हिरवे रंग देतं, मग डावीकडून उजवीकडे पिवळे, आणि उत्तरातली त्या अक्षराची संख्या संपली की उरलेले करडे.

उलट बाजूने हाच नियम फार उपयोगी पडतो. समजा तुम्ही स्टेट लिहिलंत, एस-टी-ए-टी-ई. एस पिवळा, दोन्ही टी पिवळे, मधला ए हिरवा, ई करडा. आता कागदावर मांडा. टी दोन आहेत. ते दुसऱ्या आणि चौथ्या जागी नाहीत, तिसरी जागा ए ने अडवली आहे. म्हणून ते पहिल्या आणि पाचव्या जागी: टी-□-ए-□-टी. एस उरलेल्या दोन जागांपैकी एका जागी. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला टी-एस-ए सहसा येत नाही, म्हणून एस चौथा. साचा टी-□-ए-एस-टी, आणि शब्द टोस्ट. हिरवा रंग एकच मिळाला होता.

तपासा: पुढचा शब्द टाकण्याआधी प्रत्येक पिवळं अक्षर 'आहेत'च्या ओळीत आणि त्याच्या रकान्याखाली, असं दोन ठिकाणी लिहिलं गेलंय का?

## टप्पा ३: पहिला शब्द

वर्डलच्या मूळ उत्तरयादीत सुमारे २,३०० शब्द होते. त्यात सर्वांत जास्त येणारी अक्षरं साधारण या क्रमाने: ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन. सुरुवातीच्या जागी एस सगळ्यांत जास्त, शेवटच्या जागी ई आणि वाय.

म्हणून पहिल्या शब्दात पाच वेगळी अक्षरं हवीत, त्यांपैकी दोन स्वर आणि बाकीची व्यंजनं, शक्यतो वरच्या यादीतली. स्लेट म्हणजे एस-एल-ए-टी-ई, क्रेन म्हणजे सी-आर-ए-एन-ई, ट्रेस म्हणजे टी-आर-ए-सी-ई. यांतला कुठलाही चालेल. रोज नवा पहिला शब्द शोधण्यात मजा असेल, फायदा नाही. एकच शब्द ठेवलात की त्याच्या निकालांची सवय होते आणि दुसरा शब्द पटकन सुचतो.

ए-डी-आय-ई-यू हा शब्द खूप लोकप्रिय आहे, कारण त्यात चार स्वर एका फटक्यात तपासले जातात. पण शब्द वेगळे पडतात ते व्यंजनांनी. ए आणि ई आहेत हे कळल्यावरही ढीगभर शब्द शिल्लक राहतात, आणि आर, टी, एल, एस, एन यांतलं एकही तपासलेलं नसतं. शिवाय यू तसा कमी येतो.

इशारा: पहिल्याच शब्दात एखादं अक्षर दोनदा घेऊ नका. एक चौकट फुकट जाते.

## टप्पा ४: दुसरा शब्द कशासाठी वापरायचा

हा निर्णय पहिल्या निकालावर ठरतो.

पहिल्या शब्दातून काहीच लागलं नाही किंवा एकच अक्षर लागलं, तर दुसरा शब्द पूर्ण नव्या अक्षरांचा घ्या. स्लेटनंतर आयर्नी, आय-आर-ओ-एन-वाय, ही जोडी उत्तम. दोन शब्दांत दहा वेगळी अक्षरं तपासली जातात. स्वरांतला फक्त यू राहतो आणि वायचाही निकाल लागतो.

तीन किंवा जास्त अक्षरं लागली तर ती वापरूनच पुढचा शब्द करा. दोन लागली असतील तर शब्द सुचतो का ते अर्धा मिनिट पाहा. नाही सुचला तर नवी अक्षरं.

इथे एक हट्ट आडवा येतो: हिरवं मिळालेलं अक्षर सोडायचं नाही. दुसऱ्या शब्दात ते सोडलंत तर काहीही हरवत नाही, ती जागा पक्कीच आहे. त्याच चौकटीत ते पुन्हा टाकलंत तर त्या चौकटीतून नवी माहिती शून्य.

## टप्पा ५: आधी साचा, मग शब्द

सगळ्यात जास्त घाई इथे होते. दोन शब्द झाले की डोक्यात एखादा शब्द चमकतो आणि बोट लगेच कीबोर्डवर जातं. त्याआधी हा क्रम पाळा.

१. पक्की अक्षरं रकान्याच्या डोक्यावर लिहा.
२. प्रत्येक पिवळ्या अक्षरासाठी उरलेल्या जागा मोजा. एकच जागा उरली असेल तर ते अक्षरही पक्कं झालं.
३. उरलेले स्वर मोजा. ए, ई, आय, ओ, यू पैकी किती शिल्लक आहेत?
४. शेवटची दोन अक्षरं ठरवायचा प्रयत्न करा. पहिली दोन नंतर.
५. आता शब्द आठवा, आणि 'बाद' ओळीवरून एक नजर फिरवा.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. स्लेट टाकला: ए तिसऱ्या जागी हिरवा, बाकी सगळे करडे. एकच अक्षर लागलं, म्हणून आयर्नी टाकला: आय पिवळा, आर पिवळा, ओ, एन, वाय करडे.

साचा □-□-ए-□-□. आय पहिल्या जागी नाही, म्हणजे दुसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या. आर दुसऱ्या जागी नाही, म्हणजे पहिल्या, चौथ्या किंवा पाचव्या. आता शेवट पाहा: ए-आय-आर हा इंग्रजीतला नेहमीचा शेवट आहे. □-□-ए-आय-आर. घाईत सुचतात स्टेअर म्हणजे एस-टी-ए-आय-आर, आणि फ्लेअर म्हणजे एफ-एल-ए-आय-आर. पण एस, टी आणि एल तिन्ही पहिल्याच शब्दात बाद झालेत. ते वगळल्यावर रोजच्या वापरातला एकच शब्द राहतो, चेअर: सी-एच-ए-आय-आर. तिसऱ्या प्रयत्नात उत्तर.

शेवटाकडून विचार करण्याचं कारण असं की पाच अक्षरी शब्दांचे शेवट मोजके आहेत. ई-आर, एल-वाय, टी-वाय, एस-ई, सी-एच, एस-एच, टी-एच, एन-टी, सी-के, एन-जी. सुरुवातीला तुलनेत बरीच विविधता असते. सी-के ने इंग्रजी शब्द सुरू होत नाही, व्ही किंवा जे वर सहसा संपत नाही, आणि क्यूनंतर जवळजवळ नेहमी यू येतो. असल्या गोष्टी माहीत असतात, पण ऐन वेळी वापरल्या जात नाहीत.

पाचही स्वर बाद झाले तर घाबरू नका, वाय शिल्लक आहे. निंफ म्हणजे एन-वाय-एम-पी-एच, क्रिप्ट म्हणजे सी-आर-वाय-पी-टी, पिग्मी म्हणजे पी-वाय-जी-एम-वाय.

तपासा: नवा शब्द सुचतच नसेल तर कोणतं अक्षर दुहेरी असू शकतं ते पाहा. मूळ यादीत साधारण दर तीन शब्दांमागे एकात अक्षराची पुनरावृत्ती होती. अडकलेला खेळाडू बहुतेक वेळा पाच वेगळी अक्षरंच शोधत बसलेला असतो.

## टप्पा ६: आवाजाच्या मागे लपलेलं स्पेलिंग

देवनागरीत जसं बोलतो तसं लिहितो, आणि इंग्रजी शब्दही आपण मनात देवनागरीतच साठवतो. त्यामुळे शब्द तोंडावर असूनही चौकटीत बसत नाही. एक अक्षर करडं आलं म्हणून तो आवाज बाद झाला असं समजू नका. तोच आवाज देणारी इतर स्पेलिंगं तपासा.

'ल' वर संपणारे शब्द. टेबल, लेबल, लोकल. मराठीत तिन्हींचा शेवट अगदी सारखा. इंग्रजीत टेबल एल-ई वर संपतो, लेबल ई-एल वर, लोकल ए-एल वर. एल पाचव्या जागी पिवळा आला तर चौथ्या जागी एल आणि शेवटी ई असं करून पाहा. बरेच शब्द असे सुटतात.

'र' वर संपणारे शब्द. वॉटर ई-आर, मेजर ओ-आर, शुगर ए-आर. आरच्या आधीचा स्वर मराठी उच्चारात पुसला जातो. शेवटी आर पक्का झाला की चौथ्या जागी ई, ओ, ए या क्रमाने विचार करा.

व. आपण व्ही आणि डब्ल्यू दोन्ही 'व'च म्हणतो. वेस्ट करा या अर्थाचा डब्ल्यू-ए-एस-टी-ई, व्हायरस व्ही-आय-आर-यू-एस, आणि वीव्हमध्ये तर दोन्ही: डब्ल्यू-ई-ए-व्ही-ई. एक बाद झाला की दुसरा आपोआप यादीत घ्या.

फ. एफ गेला तर पी-एच आणि जी-एच. फोन पी-एच-ओ-एन-ई, ग्राफ जी-आर-ए-पी-एच, रफ आर-ओ-यू-जी-एच, कफ सी-ओ-यू-जी-एच.

न आणि र यांच्या आधीचं मुकं अक्षर. नाइफ के-एन-आय-एफ-ई, नोम जी-एन-ओ-एम-ई, राँग डब्ल्यू-आर-ओ-एन-जी. ऱ्हाइममध्ये मात्र मुकं अक्षर आरच्या नंतर येतं: आर-एच-वाय-एम-ई. एन दुसऱ्या जागी पक्का झाला असेल तर पहिल्या जागी स्वर, के, एस आणि जी एवढे पर्याय आधी संपवा.

मधलं किंवा शेवटचं मुकं अक्षर. डाउटमध्ये बी, थंबच्या शेवटी बी, स्वोर्डमध्ये डब्ल्यू, गार्ड आणि गेसमध्ये यू, सीनमध्ये एसनंतर सी, आइलमध्ये एस: ए-आय-एस-एल-ई.

ई आणि आय. थीफमध्ये आय-ई, सीझमध्ये ई-आय, क्लीनमध्ये ई-ए, क्वीनमध्ये ई-ई. ई आणि आय दोन्ही पिवळे असतील तर ही पहिली जोडी लगेच आठवा.

ज आणि झ. नॉइझ आणि रेझ बोलताना झ, पण दोन्हीकडे एस-ई. जायंट जी ने, जज जे ने सुरू होऊन डी-जी-ई वर संपतो.

लांबीही कानाने मोजू नका. 'क्यू' उच्चारात एकच अक्षर, पण रांग या अर्थाचा शब्द पाच अक्षरांचा आहे: क्यू-यू-ई-यू-ई.

## टप्पा ७: उत्तरयादीच्या सवयी

वर्डल अंदाज म्हणून दहा हजारांहून अधिक शब्द स्वीकारतं, पण उत्तर त्यातल्या लहानशा, ओळखीच्या शब्दांच्या यादीतून येतं. एस किंवा ई-एस लावून केलेलं साधं अनेकवचन सहसा उत्तर नसतं. ई-डी लावलेल्या साध्या भूतकाळाचंही तेच. म्हणून शेवटी एस असेल तर ग्लास, ड्रेस, ग्रास असे दुहेरी एसचे शब्द किंवा व्हायरस, बोनस, फोकस असे शब्द आधी तपासा. अंदाज म्हणून मात्र अनेकवचन बिनधास्त टाका, पुढच्या टप्प्यात ते लागेल.

दुसरी सवय भारतात शिकलेल्यांना हमखास नडते. स्पेलिंग अमेरिकी असतं. आपल्या शाळेतला ह्यूमर सहा अक्षरी, एच-यू-एम-ओ-यू-आर. वर्डलमध्ये तो एच-यू-एम-ओ-आर. हा शब्द आणि एफ-ए-व्ही-ओ-आर हे दोन्ही प्रत्यक्ष उत्तर म्हणून येऊन गेले, आणि ब्रिटिश खेळाडूंनी बराच त्रागा केला. ऑनर, लेबर, रूमर, कलर, व्हेपर हे सगळे यू काढून पाच अक्षरांत बसतात. □-□-□-ओ-आर असा साचा दिसला की ही यादी चाळा.

## टप्पा ८: एकाच अक्षराचा सापळा

□-आय-जी-एच-टी. चार हिरव्या चौकटी पाहून आनंद होतो आणि इथेच डाव जातो. रोजच्या वापरातले आठ शब्द या साच्यात बसतात: एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. दोन प्रयत्न झाले असतील तर चार उरतात. एकेक शब्द टाकत गेलात तर आठपैकी चारच तपासता येतील.

त्याऐवजी तिसरा प्रयत्न पूर्ण वेगळ्या शब्दाला द्या: फर्न्स, एफ-ई-आर-एन-एस. तो उत्तर नाही हे माहीत आहे, तरीही टाका. एफ हिरवा आला तर फाइट. ई पिवळा तर एट, आर पिवळा तर राइट, एन तर नाइट, एस तर साइट. पाचही करडे आले तर लाइट, माइट, टाइट एवढे तीन राहतात, आणि प्रयत्नही तीनच उरलेत. हरणं शक्यच नाही.

□-ए-टी-सी-एच साच्यात बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच असे सात. इथे क्लाइंब टाका, सी-एल-आय-एम-बी. सी हिरवा आला तर कॅच. पिवळा आला तर त्याचा काही अर्थ नाही, कारण चौथ्या जागी सी सगळ्यांतच आहे. एल, एम किंवा बी पिवळा आला तर अनुक्रमे लॅच, मॅच, बॅच. नाहीतर हॅच, पॅच, वॉच. □-ओ-यू-एन-डी आणि □-ए-एस-टी-ई हे साचेही असेच.

नियम सरळ आहे. कागदावर बसणारे शब्द लिहा आणि मोजा. त्यांची संख्या उरलेल्या प्रयत्नांहून जास्त असेल तर चाळणीचा शब्द, म्हणजे फर्न्ससारखा फक्त पर्याय गाळणारा. तितकीच किंवा कमी असेल तर थेट उत्तर. तीन शब्द आणि दोन प्रयत्न असले तरी चाळणीच. शेवटच्या प्रयत्नाला मात्र थेट उत्तर, तिथे चाळणीला अर्थ नाही.

इशारा: हार्ड मोड चालू असेल तर ही युक्ती चालत नाही. मिळालेलं हिरवं अक्षर त्याच जागी आणि पिवळं कुठेतरी वापरावंच लागतं. त्यामुळे त्या मोडमध्ये आय-जी-एच-टी दिसायच्या आतच काळजी घ्यायची. दुसऱ्या शब्दाला आय, जी, एच लागल्याची चिन्हं दिसली तर पुढच्या शब्दात मोकळ्या जागी एल, एन, आर, एफ, एम यांतली जितकी बसतील तितकी तपासून घ्या.

## हीच पद्धत शब्दकोड्यात वापरताना

वृत्तपत्रातल्या इंग्रजी शब्दकोड्यात जागा कळतात, पण बाद अक्षरांची यादी मिळत नाही. त्यामुळे टप्पा २ ते ४ तिथे लागू होत नाहीत. टप्पा ५ मधलं साचा मांडून शेवटाकडून विचार करणं आणि टप्पा ६ मात्र तिथेही लागू पडतात, आणि टप्पा ७ उलटा होतो. सूचना अनेकवचनी असेल तर उत्तर बहुधा एसवर संपतं. सूचनेत भूतकाळ असेल तर ई-डीची शक्यता मोठी. ते अक्षर पेन्सिलीने आधीच भरून ठेवा, आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांना आधार मिळतो. भारतातल्या इंग्रजी वृत्तपत्रांत स्पेलिंग ब्रिटिश असतं, म्हणून तिथे मीटर एम-ई-टी-आर-ई आणि फायबर एफ-आय-बी-आर-ई असं धरून चाला. शेवटची दोन अक्षरं आडव्या शब्दाशी जुळली नाहीत, तरच ई-आर करून पाहा.